जुन्या डांबरी महामार्गावर नवा थर टाकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे जिल्ह्यातल्या राज्यमार्गांच्या आणि राष्ट्रीय महामार्गांच्या मजबुतीकरणाचे आराखडे करताना जे प्रश्न नव्याने रुजू झालेले अभियंते, कंत्राटदारांचे साइट इंजिनिअर आणि रस्त्यालगतच्या गावांतले ग्रामपंचायत सदस्य मला पुनःपुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विवेचन मुख्यतः जुन्या डांबरी रस्त्यावर टाकायच्या डांबरी थराविषयी, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्याला ओव्हरले म्हणतो त्याविषयी आहे.

नूतनीकरण आणि मजबुतीकरण यांत नेमका फरक काय?

नूतनीकरणात रस्त्याचा पृष्ठभाग सुधारतो. घासून गुळगुळीत झालेला, खडी सुटू लागलेला किंवा बारीक भेगा पडलेला पृष्ठभाग 25 ते 40 मिमीच्या थराने झाकला की गाडी पुन्हा सुरळीत चालते आणि पाणी आत शिरायचे थांबते. मजबुतीकरणात रस्त्याची भार पेलण्याची ताकद वाढवायची असते आणि तिथे जाडी हिशेबाने काढावी लागते. बहुतेक वाद या दोहोंची गल्लत झाल्यामुळे होतात. आतून कमकुवत झालेल्या रस्त्यावर नूतनीकरणाचे कार्पेट टाकले, तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच जुन्या भेगा वर येतात आणि लोक डांबराला दोष देतात. वास्तविक त्या ठिकाणी डांबर निर्दोष असू शकते, निदान चुकलेले असते.

अनुभवी माणसाला रस्ता पाहूनच जाडी सांगता येणार नाही का?

पाहणी आवश्यकच आहे आणि ती पायी चालत करावी, जीपमधून नव्हे. मात्र पाहणीतून आजाराचा प्रकार कळतो, त्याची खोली कळत नाही. चाकांच्या मार्गात मगरीच्या पाठीसारख्या जाळीदार भेगा दिसल्या, तर डांबरी थर वारंवार वाकून थकला आहे असे समजावे. अशा भेगा बहुधा थराच्या तळाशी सुरू होऊन वर येतात. म्हणजे त्या दिसतात तेव्हा नुकसान बरेच आधी झालेले असते.

चाकोरीच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते, कारण सारखीच दिसणारी चाकोरी दोन अगदी वेगळ्या कारणांनी पडते. चाकोरी रुंद आणि उथळ असेल व तिच्या कडा वर आलेल्या नसतील, तर खालची माती किंवा खडीचा थर दबला असण्याची शक्यता मोठी असते. उलट चाकोरी अरुंद असून तिच्या दोन्ही बाजूंना डांबर फुगून वर आले असेल, तर वरचे मिश्रणच उन्हात मऊ पडून सरकले आहे. पहिल्या प्रकारात जाड थर उपयोगी पडतो. दुसऱ्या प्रकारात कितीही जाड थर टाकला तरी खालचे दुबळे मिश्रण सरकतच राहते, म्हणून ते आधी खरवडून काढावे लागते. शंका असेल तिथे चाकोरीच्या आडवा चर खणून प्रत्येक थराची रेषा उघड्या डोळ्यांनी पाहावी. एका दिवसाचे काम आहे, पण त्याने सगळा आराखडा बदलू शकतो.

बेंकेलमन बीमची चाचणी कशी करतात?

भाराखाली रस्ता किती दबतो आणि भार काढल्यावर किती वर येतो, हे या चाचणीत मोजतात. त्या मोजमापालाच डिफ्लेक्शन म्हणतात. ए. सी. बेंकेलमन यांनी 1950 च्या दशकात अमेरिकेत हे साधन विकसित केले. आपल्याकडे त्याची पद्धत इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) आयआरसी:81-1997 या मार्गदर्शिकेत दिलेली आहे.

मागच्या आसावर (अ‍ॅक्सलवर) 8170 किलो भार असलेला ट्रक ठरलेल्या बिंदूवर उभा करतात, त्याच्या जोडचाकांच्या फटीत बीमचे टोक सरकवतात आणि दुसऱ्या बाजूच्या डायल गेजचे पहिले वाचन घेतात. मग ट्रक अगदी सावकाश 2.7 मीटर पुढे नेऊन दुसरे, आणि आणखी 9 मीटर पुढे नेऊन तिसरे वाचन घेतात. डायलचा एक भाग 0.01 मिमीचा असतो. बीमच्या भुजांचे प्रमाण दोनास एक असल्यामुळे वाचनातला फरक दुप्पट करावा लागतो. पहिल्या आणि शेवटच्या वाचनांत 40 भागांचा फरक आला, तर डिफ्लेक्शन 0.80 मिमी झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाचनांतला फरक अडीच भागांहून जास्त निघाला, तर बीमचे पायही दबलेल्या भागात होते असे मानून वेगळी दुरुस्ती करावी लागते. घाईत हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते.

डांबरी थर उन्हात मऊ होतो, म्हणून त्यात लहान छिद्र पाडून, ग्लिसरॉल भरून, तापमापक बुडवून तापमान नोंदवतात. प्रमाण तापमान 35 अंश सेल्सिअस आहे आणि दर अंशाला 0.01 मिमीची दुरुस्ती धरतात. वरच्या उदाहरणात थराचे तापमान 41 अंश असेल, तर 0.80 मधून 0.06 वजा होऊन 0.74 मिमी राहील. डांबरी थर 40 मिमीपेक्षा पातळ असेल, तर ही दुरुस्ती करत नाहीत.

सरासरी डिफ्लेक्शन घेऊन जाडी काढावी का?

नाही. सरासरीवर आराखडा केला, तर रस्त्याचा जवळजवळ निम्मा भाग गरजेपेक्षा दुबळा राहील. राष्ट्रीय महामार्ग आणि राज्यमार्ग यांच्यासाठी सरासरीत प्रमाण विचलनाची, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्या मापाची, दुप्पट, तर इतर रस्त्यांसाठी एकपट मिळवतात. सरासरी 0.90 आणि प्रमाण विचलन 0.20 मिमी असेल, तर महामार्गासाठी हिशेबात 1.30 मिमी धरावे लागेल. त्याआधी रस्त्याचे एकसारख्या स्थितीचे तुकडे पाडावेत. चांगला आणि वाईट भाग एकाच तुकड्यात घातल्यास विचलन फुगते आणि चांगल्या भागावरही विनाकारण जाड थर पडतो.

मग आता एफडब्ल्यूडी यंत्राचा आग्रह का धरला जातो?

बीम एकच आकडा देतो आणि तो सगळ्या थरांचा मिळून असतो. दोन रस्त्यांचे डिफ्लेक्शन प्रत्येकी 1 मिमी आले, पण एकाखाली काळी माती फुगून मऊ झाली आहे आणि दुसऱ्याचा वरचा डांबरी थर भेगाळला आहे, असे असू शकते. दोघांना सारखे औषध चालणार नाही, आणि बीमला हा भेद दिसत नाही.

फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर, म्हणजेच एफडब्ल्यूडी, 300 मिमी व्यासाच्या तबकडीवर वजन टाकून साधारण 40 किलोन्यूटनचा क्षणिक धक्का देते. धावत्या ट्रकच्या चाकाखाली रस्त्याला जो हिसका बसतो, त्याच्याशी तो मिळताजुळता असतो. तबकडीपासून वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेले जिओफोन, म्हणजे हालचाल टिपणारी संवेदक उपकरणे, रस्ता कुठे किती दबला ते टिपतात आणि त्या आकड्यांतून वाडग्यासारखा एक आकार तयार होतो. दूरच्या जिओफोनचे आकडे मुख्यतः खालच्या मातीविषयी बोलतात, जवळच्या आकड्यांत सगळ्या थरांची स्थिती मिसळलेली असते. या आकारावरून उलट गणित करून डांबरी थर, खडीचा थर आणि माती यांचे मॉड्युलस, म्हणजे ताठरपणाचे माप, वेगवेगळे काढता येते. ही पद्धत आयआरसी:115-2014 मध्ये दिलेली आहे.

या गणिताला थरांची खरी जाडी द्यावी लागते, हे विसरू नये. जुन्या नोंदवहीत 100 मिमी लिहिलेले असते आणि कोअर, म्हणजे थरांतून कापलेला गोल नमुना, काढल्यावर 70 मिमी निघते. त्यामुळे कोअर आणि चाचणी खड्डे यांत काटकसर केली, तर महागड्या यंत्राचे निष्कर्षही फसवे ठरतात.

मोजणी कोणत्या महिन्यात करावी?

पावसाळा संपल्यावर लगेच, म्हणजे आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारण तेव्हा रस्त्याखालची माती सर्वांत ओली आणि दुबळी असते. एप्रिल-मे महिन्यांत काळी माती वाळून घट्ट झालेली असते. त्या वेळी मोजलेला रस्ता आहे त्याहून ताकदवान दिसतो आणि थर पातळ पडतो. कोरड्या ऋतूत मोजणे अपरिहार्यच झाले, तर मातीचा प्रकार, तिची आर्द्रता आणि वार्षिक पाऊस यांनुसार ऋतूची दुरुस्ती करावी लागते.

आयआरसी:81 मध्ये या दुरुस्तीसाठी 1300 मिमी ही पावसाची सीमा धरली आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ती फार महत्त्वाची आहे. पुणे शहरात वर्षाला सातशे मिमीच्या वर थोडा पाऊस पडतो, तर सुमारे 65 किलोमीटरवरच्या लोणावळ्यात तो चार हजारांच्या पुढे जातो. इंदापूर-दौंडच्या रस्त्याला लावलेला गुणक मुळशी-मावळच्या रस्त्याला लावता येत नाही. एकाच जिल्ह्यातले काम म्हणून एकच तक्ता सगळीकडे वापरलेला मी पाहिला आहे, आणि त्याची किंमत पश्चिमेकडच्या रस्त्यांनी मोजली.

वाहतुकीचा हिशेब कसा करतात? ऊसवाहतूक त्यात धरतात का?

मोटारी आणि दुचाकी यांचा रस्त्याच्या ताकदीवर नगण्य परिणाम होतो, म्हणून फक्त व्यापारी वाहने धरतात. त्यांचा भार 80 किलोन्यूटनच्या प्रमाण आसांत रूपांतरित करून आराखड्याच्या काळात असे किती दशलक्ष आस जातील ते काढतात. हा आकडा म्हणजे एमएसए. दुपदरी रस्त्यावर दोन्ही दिशांनी मिळून रोज 1500 व्यापारी वाहने, वर्षाला 5 टक्के वाढ, 10 वर्षांचा काळ आणि दर वाहनामागे नुकसानीचा गुणक (एक वाहन किती प्रमाण आसांइतके नुकसान करते तो आकडा) 4.5 असेल, तर निम्मी वाहने हिशेबात धरून उत्तर सुमारे 15.5 एमएसए येते. गुणक 6 निघाला, तर तेच उत्तर 20.7 होते. म्हणून गुणक पुस्तकातून न उचलता प्रत्यक्ष रस्त्यावर आसभार मोजून काढावा.

भार वाढला की नुकसान त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात झालेल्या आशो रस्ता चाचणीतून हे सूत्र पुढे आले. 2018 च्या जुलैमध्ये चार टायरांच्या एकेरी आसाची कायदेशीर भारमर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. वाढ जेमतेम 13 टक्के दिसते, पण या सूत्राने एका आसाचे नुकसान सुमारे 2.4 प्रमाण आसांवरून जवळजवळ 4 पर्यंत जाते. 2018 पूर्वीच्या आसभार मोजणीवर आजचा आराखडा करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ऊसवाहतूक जरूर धरावी. बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या भागांत गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात. वाहनगणना जूनमध्ये केली तर त्यांतला एकही दिसत नाही. शिवाय हंगाम पावसाळ्यानंतर लगेच सुरू होतो, म्हणजे माती ओली असतानाच हा भार येतो. त्या रस्त्यांवर हंगामात एक आणि हंगामाबाहेर एक अशा दोन गणना कराव्यात.

एवढे सगळे हाती आल्यावर थराची जाडी प्रत्यक्षात कशी निघते?

बीमच्या पद्धतीत दुरुस्त केलेले डिफ्लेक्शन आणि एमएसए यांवरून आलेख पाहून जाडी काढतात. ती बिटुमिनस मॅकाडमच्या स्वरूपात असते. डीबीएम (डेन्स बिटुमिनस मॅकाडम) किंवा बीसी (बिटुमिनस काँक्रीट) यांसारखे घट्ट मिश्रण वापरायचे असेल, तर तिला 0.7 ने गुणतात. आलेखावरून 120 मिमी आले, तर 84 मिमी लागतील. प्रत्यक्षात 50 मिमी डीबीएम आणि त्यावर 40 मिमी बीसी असा 90 मिमीचा थर बसेल.

एफडब्ल्यूडीच्या पद्धतीत जुन्या थरांचे मॉड्युलस, तसेच नव्या थराचे मॉड्युलस आणि एक अंदाजी जाडी आयआयटीपेव्ह या संगणक प्रणालीत भरतात. व्हीजी-30 या प्रतीच्या डांबराच्या मिश्रणाचे मॉड्युलस 35 अंशांना 2000 मेगापास्कल धरतात. मग दोन जागांवरचा ताण पाहतात. डांबरी थराच्या तळाशी येणारा आडवा ताण भेगांचे आयुष्य ठरवतो आणि मातीच्या माथ्यावरचा उभा ताण चाकोरीचे. आयआरसी:37-2018 मध्ये दिलेल्या सूत्रांनी दोन्ही आयुष्ये काढून ती एमएसएपेक्षा जास्त येईपर्यंत जाडी वाढवत जातात. या सूत्रांच्या दृष्टीने 20 मिमी चाकोरी किंवा 20 टक्के क्षेत्रात भेगा पडल्या की रस्त्याचे आयुष्य संपले.

हे गणित किती संवेदनशील आहे ते एकदा हाताने करून पाहावे. भेगांच्या सूत्रात ताणाचा घात 3.89 आहे. ताण 20 टक्क्यांनी वाढला की आयुष्य निम्मे होते. साइटवर 10-15 मिमी जाडी कमी पडल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्याला मी हाच हिशेब करायला सांगतो.

भेगाळलेल्या रस्त्यावर सरळ नवा थर टाकला तर?

भेग वर येते. चाक भेगेवरून जाताना तिच्या दोन कडा वेगवेगळ्या हलतात आणि तो ताण वरच्या थराला नेमका त्याच रेषेत फाडतो. सुट्या भेगा साफ करून भराव्यात, जाळीदार भेगांचे तुकडे चौकोनी कापून खडीच्या थरापासून पुन्हा बांधावेत. भेगा सर्वत्र असतील, तर ताण शोषणारा लवचिक थर किंवा काचतंतूंची जाळी मध्ये घालता येते. जाळीने भेगांना उशीर होतो. दुबळी माती मात्र जाळीने सुधारत नाही, आणि तिच्या भरवशावर जाडी कमी करू नये.

आधी मिलिंग, म्हणजे जुना थर यंत्राने खरवडून काढणे, केव्हा गरजेचे असते?

वरचे मिश्रण सरकलेले असेल, थर एकमेकांपासून सुटले असतील, किंवा रस्त्याची पातळी वाढवणे परवडणार नसेल तेव्हा. तिसरे कारण पुण्यातल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. थरावर थर चढल्याने फुटपाथ रस्त्याच्या पातळीला येतात, ड्रेनेजची झाकणे खड्ड्यात जातात आणि जोराच्या पावसात पाणी सोसायटीच्या फाटकातून आत शिरते. महामार्गावरही पुलांवर, भुयारी मार्गांखाली आणि टोलनाक्यांवर हीच अडचण येते. मात्र 50 मिमी खरवडून 50 मिमी भरले, तर जाडी वाढत नाही. आराखड्यात खरवडलेली जाडी वजा करूनच हिशेब करावा. निघालेला माल फेकू नये, कारण आयआरसी:120-2015 नुसार तो नव्या मिश्रणात ठरावीक प्रमाणात वापरता येतो.

टॅक कोटला, म्हणजे दोन थर चिकटवण्यासाठी फवारायच्या डांबरी इमल्शनला, इतके महत्त्व का देता?

पूर्वेकडच्या एका रस्त्यावर दोन वर्षांत थर उखडू लागला, तेव्हा आम्ही कोअर काढले. मिश्रण उत्तम होते, जाडी पुरेशी होती. पण कोअर यंत्रातून बाहेर काढताच हातात त्याचे दोन तुकडे झाले आणि जोडाच्या तोंडावर बोटाला पिवळसर धूळ लागली. साइडपट्टीचा मुरूम वाऱ्याने रस्त्यावर आला होता आणि तो न झाडताच इमल्शन मारले गेले होते. त्या आराखड्यात जुना आणि नवा थर एकसंध काम करतील असे गृहीत धरलेले होते. चिकटलेच नाहीत तर दोन सुट्या फळ्या एकावर एक ठेवल्यासारखे होते आणि प्रत्येक थर स्वतंत्रपणे वाकतो.

जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला 0.20 ते 0.30 किलो इमल्शन, तेही एकसारखे फवारून, एवढे पुरते. जास्त ओतल्यास थर घसरतो. फवारल्यावर ते तपकिरी दिसते, फुटले, म्हणजे त्यातले पाणी वेगळे झाले, की काळे पडते. काळे पडेपर्यंत पेव्हर, म्हणजे मिश्रण पसरवणारे यंत्र, पुढे नेऊ नये.

डांबर कोणते आणि किती गरम?

पुण्याच्या हवामानात साधारणतः व्हीजी-30 वापरतात. चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यात, घाटातल्या चढांवर आणि सिग्नलपाशी, जिथे जड वाहने सावकाश चालतात किंवा थांबतात, तिथे त्याहून घट्ट व्हीजी-40 किंवा सुधारित डांबराचा विचार करावा. व्हीजी-30 चे मिश्रण पेव्हरखाली किमान 140 अंश असावे आणि रोलिंग 90 अंशांच्या खाली जाण्यापूर्वी संपावे. प्लांट दूर असून डंपर शहराच्या गर्दीत अडकणार असतील, तर ताडपत्री आणि वेळापत्रक हेही आराखड्याचेच भाग समजावेत.

पावसात थर टाकता येतो का?

नाही. पृष्ठभाग ओला असतानाही नाही.

पाण्याच्या निचऱ्याचा आणि जाडीचा काय संबंध?

थेट संबंध आहे. ओल्या मातीचे मॉड्युलस घसरते आणि त्यावर बेतलेली जाडी अपुरी ठरते. नवा थर टाकल्यावर साइडपट्टी तितकीच उचलली नाही, तर कडेला पायरी तयार होते. उलट साइडपट्टीचा मुरूम रस्त्यापेक्षा उंच राहिला, तर पाणी कडेलाच साचून आत मुरते. कॅम्बर, म्हणजे मध्यापासून कडेकडे दिलेला उतार, 2.5 टक्के ठेवला, तर 7 मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा सुमारे 88 मिमी उंच हवा. जुन्या रस्त्यावर तो सहसा हरवलेला असतो. तो आधी वेगळ्या समतल थराने दुरुस्त करावा आणि त्या मालाची मजबुतीकरणाच्या जाडीत गणना करू नये. शेतकऱ्यांनी शेतात जाण्यासाठी गटार बुजवले असेल, तर त्यांच्याशी बोलून तिथे नळ टाकून द्यावा. केवळ नोटीस देऊन पाणी वाहते होत नाही.

जंगली महाराज रस्त्यासारखे काम आता का होत नाही?

हा प्रश्न पुण्यात प्रत्येक सभेत येतो. 1970 च्या दशकात दहा वर्षांच्या हमीवर बांधलेला तो रस्ता पुढे कित्येक दशके टिकला आणि त्याचे कौतुक योग्यच आहे. मात्र त्या रस्त्यावर बहुआसी ट्रकांची रांग कधी नव्हती, त्यामुळे सोलापूर किंवा नाशिक महामार्गाशी त्याची तुलना जाडीच्या बाबतीत करता येत नाही. त्याच्याकडून घ्यायचे आहे ते पाया, निचरा आणि हमी यांविषयीचे गांभीर्य.

डांबराऐवजी काँक्रीटचा थर चांगला नाही का?

व्हाइट टॉपिंग हा जड वाहतुकीसाठी आणि पाणी साचणाऱ्या जागी चांगला पर्याय आहे. त्याचा आराखडा, सांधे आणि खर्च हा स्वतंत्र विषय आहे. काँक्रीट रस्त्यावर डांबरी थर टाकायचा असेल, तर प्रत्येक सांधा वर भेगेच्या रूपाने उमटेल, हे आधीच धरून चालावे.

काम झाल्यावर नेमके काय तपासावे?

कोअर काढून जाडी मोजावी, थर चिकटले आहेत की नाही ते पाहावे आणि घनता मिश्रणाच्या कमाल सैद्धांतिक घनतेच्या 92 टक्क्यांहून कमी नाही याची खात्री करावी. घनता कमी असेल, तर पोकळ्यांतून पाणी आणि हवा आत जाऊन डांबर लवकर कडक होते. तीन मीटरची सरळ पट्टी ठेवून उंचसखलपणा पाहावा. शक्य असेल तिथे पहिला पावसाळा संपल्यावर, ज्या बिंदूंवर आधी डिफ्लेक्शन मोजले होते त्याच बिंदूंवर ते पुन्हा मोजावे आणि दोन्ही आकडे एकाच नोंदवहीत शेजारी-शेजारी लिहावेत. दहा वर्षांनी याच रस्त्याचा आराखडा करणाऱ्याला सर्वांत आधी तीच नोंदवही लागेल.